नऊ दिवसांचा मोकळा आवाज

सोलापूरच्या एस.टी. स्टँडावर अक्कलकोट, मैंदर्गी, इंडीकडच्या गाड्या पुकारणारी जी बाई आहे, शिवलीला, तिचा आवाज दर पाच मिनिटांनी बसतो. अर्धं मिनिट बसतो आणि पुन्हा जागेवर येतो. रोजच्या प्रवाशांना त्याची सवय झाली आहे. एकदा दुधनीच्या एका म्हाताऱ्याने खिडकीतून ज्येष्ठमधाची पुडी आत सरकवली आणि "रोज दोन काड्या चघळ, महिन्यात घसा खुलंल बघ" असं बजावलं. शिवलीलाने पुडी घेतली, मान हलवली आणि पुढची गाडी पुकारली. घशाला काही झालेलं नाही, मानेतल्या नसेला करंट जातो म्हणून असं होतं, हे खिडकीतून कुणाकुणाला सांगत बसणार?

तिच्या छातीत डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक लहानसं मशीन बसवलेलं आहे. तिथून एक तार मानेतल्या नसेपर्यंत जाते. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद तारेतून बारीक करंट जातो, नसेतून मेंदूकडे पोचतो, आणि यायच्या बेतात असलेली फिट पुष्कळदा मागे फिरते. तीच नस आवाजाच्या पेटीलाही जाते, म्हणून आवाज बसतो. दिवसातून एवढ्या वेळा बसतो की शिवलीलाला घड्याळ लागत नाही. ती आपली गाडी दोन करंटांच्या मधल्या मोकळ्या वेळात पुकारून घेते. गाडी लेट झाली तर ड्रायव्हर-कंडक्टरला शिव्या मिळतात. शिवलीलाची तारांबळ कुणाला दिसत नाही.

पहिली फिट चौदाव्या वर्षी आली, शाळेच्या मैदानावर, प्रार्थनेच्या रांगेत. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. मास्तरांनी दातांत चमचा घातला आणि एक दात तोडला. पुढे गोळ्या सुरू झाल्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. गोळ्यांनी फिट थोडी कमी केली आणि त्याच्या जोडीने बाकीचंही सगळं कमी केलं. हसू येण्याच्या आधी एक क्षण जायला लागला, राग यायच्या आत विषय संपायला लागला. वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. ते वारले तेव्हा घरभर रडारड चालली होती आणि शिवलीला भिंतीला टेकून बसली होती. आत्याबाई म्हणाल्या, पोरगी दगड हाय. दगड नव्हती. तिला दुःख होत होतं, पण पलीकडच्या खोलीत कुणीतरी बोलत असावं आणि शब्द लागू नयेत, तसं होतं ते. वडिलांच्या जागी तिला नोकरी मिळाली. फिटांमुळे गाडीवर पाठवता येईना, म्हणून चौकशीच्या खिडकीत बसवलं.

लग्नाची बोलणी निघाली तेव्हा माहेरच्यांचा बेत गप्प बसण्याचा होता. शिवलीलानेच चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "मला फिट येती." माहेरच्यांची तोंडं पडली. मुलाची आई, गौरम्मा, बशीतला चहा फुंकत होत्या. त्यांनी फुंकणं थांबवलं नाही. "येती तर येऊ दे की," त्या म्हणाल्या. "माझ्या मालकाला राग येत हुता, रोज येत हुता. त्यापरीस फिट बरी, झाल्यावर माणूस झोपतं तरी." मुलगा प्रभु, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. तो आईकडे बघून हसला. असं ते लग्न ठरलं.

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात तिघं राहत. महिन्यातून चार-पाच वेळा फिट यायची आणि प्रत्येक वेळी गौरम्मा हाताशी असायच्या. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली लुगड्याचा बोळा द्यायचा, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. इतकं नीट करायच्या की दवाखान्यातल्या नर्सनेही शिकावं. तीन वर्षांपूर्वी पुण्याला ऑपरेशन करून मशीन बसवलं, तेव्हा कंपनीच्या माणसाने दोन लोहचुंबक दिले. एक मनगटाला बांधायचा, एक घरात ठेवायचा. फिट येतेय असं वाटलं की चुंबक मशीनवरून एकदा फिरवायचा, म्हणजे जास्तीचा करंट जातो. आणि काही कारणाने मशीन थोडा वेळ थांबवायचं असलं, तर चुंबक त्यावर धरून ठेवायचा. धरला आहे तोवर बंद, काढला की चालू. प्रभुने सगळं वहीत उतरवून घेतलं. गौरम्मांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या ते डोक्यात बसलं.

मशीन आलं आणि फिट दोन-तीन महिन्यांतून एकदा यायला लागली. मग दिवस राहिले.

घरात आनंद झाला, आणि त्या आनंदाला लगेच पाहुण्यांची दृष्ट लागली. जी बाई यायची ती पोटाला हात लावून गळ्याकडे बघायची. "पोटात लेकरू आणि गळ्यात करंट, बया!" एक म्हणाली. दुसरीने तिच्या शेजारणीच्या भाचीचं काहीतरी सांगितलं. त्या भाचीला मशीन नव्हतंच, साधा थायरॉइड होता, पण गोष्ट भीतीदायक होती म्हणून चालून गेली. गौरम्मा ऐकून घ्यायच्या. बायका गेल्यावर पीठ मळायला बसायच्या, आणि आतल्या खोलीत शिवलीलाचा आवाज बसला की त्यांचे हात परातीत थांबायचे. अर्धं मिनिट. आवाज उठला की पुन्हा मळायला सुरुवात.

पाचव्या महिन्यात तिघंही डॉक्टरीणबाईंकडे गेले. प्रभुने सरळ विचारलं, "मशीन चालू ठेवलं तर बाळाला धोका आहे का?"

डॉक्टरीणबाई खऱ्या बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या खरेपणामुळेच पुढे सगळं झालं असं म्हणायला जीभ धजत नाही, पण झालं खरं. त्या म्हणाल्या, "करंट मानेतल्या नसेत जातो, पोटात नाही. मशीन असलेल्या बायकांच्या बाळंतपणाच्या नोंदी जगात थोड्याच आहेत. ज्या आहेत त्यांत मशीनमुळे बाळाला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. पण नोंदी थोड्या आहेत, म्हणून शंभर टक्के खात्री मी देणार नाही. कुणी देत असेल तर तो खोटं बोलतो. मला खात्री आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. मोठी फिट आली तर आईला आणि बाळाला, दोघांनाही धोका आहे. म्हणून गोळ्या चालू, मशीन चालू. मला विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही."

प्रभुने यातून 'मशीन चालू' एवढं ऐकलं. गौरम्मांनी 'खात्री देणार नाही' एवढं ऐकलं. शिवलीलाने दोन्ही ऐकलं आणि घरी येऊन कपडे वाळत घातले.

आठवा महिना लागला. लिंगायतांच्या काही घरांत आठव्या महिन्यात पोटातल्या लेकराला लिंग देतात. स्वामी येतात, पूजा होते, आणि लेकराचं लिंग बाळंत होईपर्यंत आई आपल्या अंगावर वागवते. तिचं स्वतःचं गळ्यात असतंच, हे दुसरं. आजकाल बरीच घरं हे सोडून देतात, पण गौरम्मा सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. रेवणय्या स्वामी सकाळी आले. शिवलीलाच्या कपाळाला विभूती लावली, पोटावर हात धरून मंत्र म्हटला, पेढ्याएवढं काळं लिंग कापडात गुंडाळून गौरम्मांच्या हातात दिलं. गौरम्मांनी त्यासाठी जाड खणाची एक पिशवी शिवून ठेवली होती. आत गेल्या, लिंग पिशवीत घातलं, तोंड टाके घालून बंद केलं आणि बाहेर येऊन शिवलीलाच्या पोलक्याला डाव्या बाजूला, अगदी वर, दोन पिनांनी टाचलं.

"एवढ्या वर?" प्रभुने विचारलं.

"लिंग बेंबीखाली जाऊ नी," गौरम्मा म्हणाल्या. "हिचं पोट पुढं आलंय, दोऱ्यात बांधलं तर लोंबतंय. हितंच बरं."

स्वामींनी मान हलवली. त्यांना दुसऱ्या घरी जायचं होतं.

जेवणं झाली. प्रभु कामावर गेला. शिवलीला खाटेवर पडली होती, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला आहे. दहा मिनिटं झाली असतील, पंधराही. मानेत ती ओळखीची ओढ आलीच नव्हती. तिने हळूच एक गाडी पुकारून बघितली, अंथरुणातल्या अंथरुणात, "मंगळवेढामार्गे जाणारी..." आवाज सरळ आला. पुन्हा पुकारली, पुन्हा सरळ. तिने पिशवीला हात लावला. आत लिंगाच्या मागे काहीतरी चपटं, जड होतं. मनगटावरचा चुंबक जवळ नेला तर पिशवी हलली. आत घरातला दुसरा चुंबक होता.

तिला कळलं. लगेच, पूर्ण कळलं.

आता उठायचं, स्वयंपाकघरात जायचं आणि सासूला म्हणायचं, आत्ती, हे काढा. एवढंच करायचं होतं. ती उठली नाही. तिला राग आला का? यायला हवा होता. चौदाव्या वर्षापासून तिच्या अंगात काय घालायचं आणि अंगातून काय काढायचं हे दुसऱ्यांनी ठरवलं होतं, त्यात हे आणखी एक. तिने कूस बदलली. पिशवी पोलक्यावर होती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर पोलकं बदललं तेव्हा पिशवी तिच्याच हातात होती. न्हाणीघराच्या आरशासमोर उभं राहून तिने ती नव्या पोलक्यावर टाचली. कालच्याच जागी. बोटभरही इकडे-तिकडे नाही.

स्टँडावर गंमतच झाली. तीन वर्षांत पहिल्यांदा शिवलीलाने सकाळच्या सगळ्या गाड्या न थांबता पुकारल्या. मराठीत, लगेच कन्नडमध्ये, पुन्हा मराठीत. इंडीच्या गाडीची वाटेतली सगळी गावं एका दमात. सोनाली नावाची कंडक्टर तिच्या खास ओळखीची, ती गाडीवरून उतरून खिडकीशी आली. "कोण गं ही नवीन बाई बसवली, म्हणून बघायला आले!" ती म्हणाली. "असला आवाज ठेवून एवढे दिवस कुटं लपवला हुतास?" शिवलीला हसली. मधे क्षण गेला नाही, लगेच हसली. स्पीकरमधून आपला आवाज फलाटभर फिरून परत येतो, तो ऐकायला तिला आवडायला लागलं. गरज नसताना तिने पंढरपूर गाडी दोनदा पुकारली. घरी प्रभु म्हणाला, "पोरगी होणार बघ, आईचा आवाज खुललाय." गौरम्मांनी ताटाकडे बघत भाकरी मोडली.

असे नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत सासू-सुनेत त्या पिशवीविषयी एक शब्द झाला नाही. झाला असता तर ही गोष्ट सांगण्यासारखी उरली नसती, आणि बरं झालं असतं.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शिवलीला मैंदर्गीची गाडी पुकारत होती. तोंडात कडवट, लोखंड चाटल्यासारखी चव आली. ही चव ती ओळखत होती, पुढची काही सेकंदं काय करायचं तेही तिला पाठ होतं. मनगट छातीवरून फिरवलं. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. मशीनवर आधीच एक चुंबक बसलेला, दुसरा काय करणार? तिचा हात पिशवीकडे गेला, पिन उघडेना, दोन्ही पिना तिनेच सकाळी घट्ट लावल्या होत्या. माइक चालू होता. फलाटावरच्या लोकांनी खुर्ची पडल्याचा आवाज ऐकला.

फिट आठ मिनिटं चालली. सोनाली फलाटावरून धावत आली, तिला कुशीवर घेतलं, शिवलीलाने पूर्वी दाखवलं होतं तसा मनगटावरचा चुंबक सोडवून पुन्हा पुन्हा छातीवरून फिरवला, शेवटी रडायला लागली. ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात नर्सने कात्रीने पोलकं कापलं, पिशवी काढून बाजूच्या स्टीलच्या ट्रेकडे टाकली, तर ती ट्रेच्या कडेला जाऊन चिकटली आणि लोंबत राहिली. नर्सने ती ओढून काढली. मग तिने डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

शिवलीलाला यातलं काही माहीत नाही. तिला शुद्ध आली तेव्हा पोट रिकामं होतं. बाळाचे ठोके उतरायला लागले म्हणून तातडीने सिझेरियन केलं होतं. मुलगी, एक किलो आठशे ग्रॅम, काचेच्या पेटीत. जगेल असं आताच म्हणत नाही, असं पेटीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाहेर काय झालं ते प्रभुने दुसऱ्या दिवशी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवी हातात धरून विचारलं, हे कुणी केलं? गौरम्मा बाकावरून उठल्या. "मी. मीच शिवलं. तिला काय म्हाईत न्हवतं."

"डॉक्टर म्हणाल्या, ह्यानंच फिट आली असं शपथेवर नाही सांगता येत," प्रभु खाली बघत बोलत होता. "पोटुशी असताना गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण पण उतरतं म्हणे. पण मशीन चालू असतं तर आपल्या हातात एक गोष्ट जास्त असती." मग त्याने मान वर केली. "देवाच्या पिशवीत, शिवलीला. देवाच्या पिशवीत घालून फसवलं तुला माझ्या अव्वानं."

शिवलीलाने तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स बी.पी. बघायला आली, प्रभुला बाहेर जायला सांगितलं. शिवलीलाने तोंड मिटलं.

एकोणीस दिवस मुलगी पेटीत होती. शिवलीलाला चाकाच्या खुर्चीतून तिथे नेत. काचेपलीकडे एक लालसर, सुरकुतलेला जीव, नाकात नळी, पायाला चिठ्ठी. हे आपलं, असं ती स्वतःला सांगायची. आतून उत्तर यायचं नाही. दूध काढून द्या म्हटलं की काढून द्यायची, झोपा म्हटलं की झोपायची. पहिल्या दिवशी बोलायचं राहून गेलं ते दुसऱ्या दिवशी जड झालं, आणि आठवडा गेल्यावर तर असं वाटायला लागलं की आता बोलायचं म्हणजे दोन गुन्हे कबूल करायचे. एक पिशवीचा, एक गप्प बसण्याचा. मशीन पुन्हा पहिल्यासारखं चालू होतं. दर पाच मिनिटांनी ओढ यायची. ती मोजायचीही नाही.

मुलगी जगली. दोन किलो झाली आणि घरी आली.

घरात प्रभु आईशी बोलत नव्हता. भांडला असता तर बरं होतं. जेवण वाढलं की जेवायचा, ताट उचलून ठेवायचा, आणि काही सांगायचं असलं तर भिंतीकडे बघून सांगायचा. गौरम्मांनी बाळंतिणीचं सगळं केलं. बाजरीची पेज, अळिवाची खीर, शेकशेगडी, धुरी. पण बाळंतिणीच्या खोलीत त्या येत नसत. वाटी उंबऱ्यावर ठेवायच्या आणि भांडं वाजवायच्या. आणि मुलीला हात लावत नसत. एकदाही नाही. न्हाऊ-माखू घालायला खालच्या मजल्यावरच्या बाळाबाई येत. मुलगी रडायला लागली की स्वयंपाकघरात बसलेल्या गौरम्मांचे दोन्ही हात मांडीवरून आपोआप वर उचलले जायचे, थोडा वेळ तसेच राहायचे आणि मग खाली यायचे. शिवलीलाला खाटेवरून हे दिसायचं. एका वाक्याचं काम आहे, हेही तिला माहीत होतं. ते वाक्य ती रोज तयार करायची आणि रोज तसंच ठेवून द्यायची. तिला वाईट वाटत होतं का? वाटत असावं. वाईट वाटायची जागा बधिर होती, दात काढायच्या आधी गाल होतो तशी.

मुलगी दोन महिन्यांची झाली आणि गौरम्मांनी भावाकडे, नागणसूरला जायचं ठरवलं. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही. स्वतःची दोन लुगडी, पूजेचं सामान, औषधाच्या गोळ्या एका कापडी पिशवीत भरल्या. प्रभु रिक्षा बघायला खाली गेला. दार उघडंच होतं.

शिवलीला मुलीला घेऊन बाहेरच्या खोलीत आली. खाली बसली. आणि कसं कुणास ठाऊक, ते वाक्य बाहेर पडलं.

"आत्ती, मला म्हाईत हुतं."

गौरम्मा पिशवीचे बंद बांधत होत्या. बांधत राहिल्या.

"पहिल्याच दिवशी कळलं हुतं. रोज आंघोळ झाल्यावर मीच टाचत हुते परत."

"म्हाईत हाय की मला," गौरम्मा म्हणाल्या. "तू टाचत हुतीस, मी बघत हुते. एक दिवस जरी जागा चुकली असती, तर मी समजले असते, हिच्या मनात न्हाय."

शिवलीलाने मुलीला मांडीवर घेतलं. "मग दवाखान्यात तसं का सांगितलात?"

"मग काय सांगू? आईनं बी हात लावला हुता म्हणून सांगू? उद्या ही पोरगी मोठी हुईल, कुणीतरी सांगंल हिला. आजीचं नाव सांगितलं तर चालतंय. आजी काय, आज हाय उद्या न्हाय." गौरम्मांनी गाठ मारली. "आणि खोटं काय त्यात? मी लेकरासाठी केलं, तू लेकरासाठी गप बसलीस. एकच की ते."

इथे थांबता आलं असतं. सासूने वाट मोकळी करून दिली होती, त्यातून निमूट जायचं होतं. कुणीही गेलं असतं.

"लेकरासाठी न्हाय, आत्ती," शिवलीला म्हणाली.

गौरम्मांनी वर बघितलं.

"मला माझा आवाज आवडत हुता. माइकवर बोलले की सगळा फलाट ऐकत हुता. त्या नऊ दिवसांत लेकराचं माझ्या ध्यानात पण न्हवतं. आवाजासाठी मी काढली न्हाय पिशवी."

प्रभु जिन्यावरून वर आला होता आणि दारात उभा होता, चप्पल अर्धी पायात. त्याने सगळं ऐकलं होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तेवढ्यासाठी?" गौरम्मांनी विचारलं.

"व्हय."

गौरम्मांच्या चेहऱ्यावर राग आला. शिवलीलाच्या फिटांमध्ये, कुणाच्या बोलण्याने, एवढ्या वर्षांत कधी आला नव्हता असा स्वच्छ राग. त्या उठल्या, शिवलीलासमोर आल्या आणि तिच्या मांडीवरून मुलीला उचललं. हळुवार वगैरे काही नाही, आपली वस्तू दुसऱ्याच्या घरातून परत घ्यावी तशी उचलली. मुलगी दचकून रडायला लागली.

"मी चुकले ती हिच्यापायी चुकले," गौरम्मा म्हणाल्या. "आणि दोन महिने मी हिला शिवले न्हाय. पाप लागंल म्हणून शिवले न्हाय. रात्री उशी चावत हुते मी. तू हितं बसून बघत हुतीस."

"बघत हुते," शिवलीला म्हणाली.

गौरम्मांनी मुलीला खांद्यावर टाकलं, पाठीवर थोपटायला लागल्या आणि शिवलीलाकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. प्रभु दारातून आत आला नाही आणि खालीही गेला नाही. शिवलीला जमिनीवर तशीच बसून होती. तिला लाज वाटत होती. कानापासून पोटापर्यंत, अंग भाजून निघावं अशी लाज. इतक्या वर्षांत तिला काहीच एवढं पुरेपूर वाटलं नव्हतं, आणि वाटली ती लाज.